श्रूजबेरीचं गाव

बर्मिंगहॅमला नणंदेकडे जायचं ठरलं तेव्हा तिने आणायच्या वस्तूंची यादी पाठवली. कुळथाचं पीठ तिसरं, गोडा मसाला दुसरा आणि सगळ्यात वर कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं, दोन खोकी. पुण्यात ईस्ट स्ट्रीटच्या रांगेत उभं राहून ती आणली. तिकडे खोकं फोडल्यावर अकरा वर्षांच्या भाच्याने वरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "मामी, हे गाव आहे. ट्रेनने एक तास."

इतकी वर्षं चहाबरोबर ज्याचं नाव खाल्लं, ते गाव एका तासावर आहे म्हटल्यावर घरी कोण बसणार? शनिवारी आम्ही चौघं निघालो. दुसरं खोकं पिशवीत.

सेव्हर्न नदीने गावाला असा वळसा घातलाय की ते बेट व्हायचं थोडक्यात राहिलंय. एका बाजूला इंग्लिश ब्रिज, दुसऱ्या बाजूला वेल्श ब्रिज. नावाचा उच्चार 'श्रूजबरी' की 'श्रोजबरी', यावर गावातच दोन तट आहेत. आपण पुणेकर तिसरंच म्हणतो ते सोडा. आत शिरलं की लाकडी चौकटींची काळी-पांढरी घरं, वयामुळे जरा कललेली. ग्रोप लेन नावाच्या बोळात वरचे मजले एकमेकांकडे इतके झुकलेत की या खिडकीतून त्या खिडकीत आमटीची वाटी देता यावी. बोळाच्या नावाचा अर्थ भाच्याने विचारला. मध्ययुगात तिथे कसली वस्ती होती हे सांगण्याऐवजी नणंदेने त्याला आइस्क्रीम घेऊन दिलं.

गावाला गोष्टींचा तोटा नाही. चार्ल्स डार्विन १८०९ साली इथेच जन्मला. तो ज्या शाळेत शिकला तिथे आता ग्रंथालय आहे आणि दारात तो स्वतः खुर्चीवर बसलाय, पुतळा होऊन. मला जास्त आवडली ती सेंट चॅडच्या जुन्या चर्चची गोष्ट. छत गळतं म्हणून टेलफर्ड या अभियंत्याला बोलावलं. त्याने पाहून सांगितलं, छताचं राहू द्या, इमारतच पडणार आहे. विश्वस्तांनी त्याची टिंगल केली. थोड्याच दिवसांत, १७८८ साली, मनोरा कोसळला. (आपल्या किती सोसायट्यांच्या बैठका डोळ्यांपुढे आल्या!) नंतर बांधलेलं चर्च गोल आहे आणि त्याच्या आवारात चक्क एबेनिझर स्क्रूजची कबर आहे. डिकन्सच्या गोष्टीतला कंजूष स्क्रूज जगलाच नाही तर मरणार कसा? १९८४ च्या चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं, तेव्हाचा दगड तसाच राहिला. लोक फोटो काढतात. आम्हीही काढला.

कॅसल स्ट्रीटवर हवी ती पाटी सापडली. पेलिन नावाच्या माणसाने या जागी १७६० साली आपल्या खास कृतीने श्रूजबरी केक बनवले, असं त्यावर लिहिलंय. इथे केक म्हणजे बिस्किटच. मी पाटीसमोर खोकं धरून उभी राहिले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

मग चौकात बसून खायचं ठरलं. मागे १५९६ चा दगडी बाजार, पुढे उंच चौथऱ्यावर ब्राँझचा एक माणूस. खोकं उघडलं, पहिल्या घासाचा लोण्याचा भुगा मांडीवर पडला आणि नवरा एकदम म्हणाला, "अरे, हा तर क्लाइव्ह!"

रॉबर्ट क्लाइव्ह. पेलिनच्या त्या १७६० सालीच तो बंगालचा पैसा घेऊन इंग्लंडला परतला, पुढच्या वर्षी श्रूजबरीचा खासदार झाला, त्याच्या पुढच्या वर्षी महापौर. पुतळा १८६० चा. २०२० मध्ये तो हटवावा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या. कौन्सिलने मतदान घेऊन ठेवायचं ठरवलं.

नवऱ्याला राहवेना, कारण त्याचं गाव गिर्ये, विजयदुर्गाला लागून. इंग्रज विजयदुर्गाला म्हणायचे 'घेरिया', ते या गिर्येवरूनच. त्याने भाच्याला सांगायला घेतलं. फेब्रुवारी १७५६. खाडीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार. समुद्रातून ॲडमिरल वॉटसनची जहाजं, जमिनीवर उतरलेल्या इंग्रजी फौजेचा प्रमुख हा क्लाइव्ह. तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांचं एक जहाज पेटलं, त्यावरून दुसरं, आणि सगळं आरमार खाडीतच जळालं. किल्ला पडला. प्लासीची लढाई त्याच्या पुढच्या वर्षीची.

"मग मामा, आपण हरलो?"

"कुठले आपण? पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. नानासाहेबांनीच त्यांना मदतीला घेतलं, आंग्र्यांना वठणीवर आणायला."

भाच्याने बिस्किट हातातच धरलं. "मग पेशवे जिंकले?"

नवरा जरा थांबला. तुळाजी जन्मभर पेशव्यांच्या कैदेत राहिला. किल्ल्यातली लूट मात्र इंग्रजांनी आपापसात वाटून घेतली, पेशव्यांना दमडी दिली नाही, आणि किल्ला परत केला तोही आठ महिन्यांनी. बाणकोट त्याआधीच पदरात पाडून घेतलं होतं. हे सगळं अकरा वर्षांच्या मुलाला कसं सांगणार? त्याने ते तसंच्या तसं सांगितलं. मला बरं वाटलं. शाळेत आम्हाला क्लाइव्ह शिकवला तो थेट प्लासीला. विजयदुर्ग शिकवला तो शिवाजी महाराजांचा. मधला हा धडा कुणी घेतलाच नाही.

एक कबुतर भुगा टिपायला आलं, मग चार आली. उठलो.

स्टेशनवर जाताना गावातला एक पुडाही घेतला. पातळ, कडक, बऱ्यापैकी. कयानीचं खोकं सोमवारी संपलं. तो पुडा आम्ही निघालो तेव्हाही नणंदेच्या फडताळात होता.