वस्त्र सोवळे, पाणी ओवळे

देवास अर्पण करावयाचे वस्त्र कोरे व शुद्ध असावे, याविषयी आपल्या समाजात दुमत नाही. परंतु ते छापताना निथळलेला रंग कोणाच्या पाण्यात गेला, हे देवस्थानांच्या महाजनांनी कधी विचारले आहे काय? सोवळ्याचा विचार गाभाऱ्याच्या उंबरठ्याशीच थांबत असेल, तर आमच्या मते तो अपुरा आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला हा पैनगंगेकाठचा कापसाचा मुलूख. येथल्या काळ्या जमिनीतला कापूस गाठी बांधून दूर जातो आणि छापील कापड होऊन बाजारात परततो. वाटेत त्यास जो रंग चढतो, त्याचा भुर्दंड भलतीच नदी भरते. सुती छपाईत आज रिॲक्टिव्ह रंगांचा मोठा वापर आहे. हे रंग सर्वच्या सर्व धाग्यास धरत नाहीत. उरलेला रंग, खळ आणि छपाईच्या लगद्यात घातलेला युरिया धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना? आहे. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. घातक ॲझो रंगांवर १९९७ मध्ये बंदी आली. तरीही तिरुपूरच्या नोय्यल नदीसाठी मद्रास उच्च न्यायालयास २०११ साली रंगाईचे कारखाने बंद करण्याचा हुकूम द्यावा लागला. पुढे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची व्यवस्था तेथे उभी राहिली. हुकमानंतर जे शक्य झाले, ते हुकमापूर्वी का होऊ नये?

दुसरा पक्ष वनस्पतींच्या रंगांकडे परतावयास सांगतो. हिरडा, तुरटी आणि गूळ-लोखंडाच्या काळ्या पाण्यावर उभ्या असलेल्या श्रीकाळहस्तीच्या कलमकारीचा आम्हांसही अभिमान आहे. पण वनस्पतिजन्य म्हणजे निर्दोष, हे समीकरण आम्हांस मान्य नाही. रंग पक्का करण्यास मोरचूद किंवा क्रोमचे क्षार घातले, तर तेही विषच. आणि धुण्यास पाणी तेथेही लागते.

खरा उपाय नावात नसून रीतीत आहे. युरिया कमी करावा, धाग्यास अधिक धरणारे रंग निवडावेत, पिगमेंटच्या छपाईत रॉकेलच्या खळीऐवजी पाण्याची खळ वापरावी, आणि धुण्याचे पाणी शुद्ध करून पुन्हा फिरवावे. यास खर्च येतो, हे खरे. परंतु आज तो खर्च टळत नाही. केवळ नदीकाठच्या शेतकऱ्याच्या माथी मारला जातो.

म्हणून महाजनांस आमचे सांगणे एवढेच : उत्सवाच्या पताका व वस्त्रे घेताना, सांडपाण्याची व्यवस्था काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, उत्तर न देणाऱ्याकडे पाठ फिरवावी. वस्त्र देवास आणि विटाळ नदीस, हा व्यवहार धर्म म्हणून आम्ही मान्य करणार नाही.