जुन्या करवतीची पाठशुद्धी

गेल्या हिवाळ्यात मी एक जुनी टेबल-सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर डोकावणारी यांत्रिक गोल करवत, विकत घेतली. साहित्यविषयक लेखनाच्या वाचकांसमोर असा विषय काढताना संकोच वाटतो. परंतु त्या यंत्रापाशी घालवलेल्या चार महिन्यांत जे प्रश्न पडले, ते पाठचिकित्सेच्या वर्गात पडणाऱ्या प्रश्नांपेक्षा फारसे निराळे नव्हते. फरक एवढाच, की येथे चुकीच्या उत्तराची किंमत बोटांनी मोजावी लागते.

यंत्र अमेरिकेतले, आणि मीही आता तेथेच राहतो. डेल्टा या मिलवॉकीच्या कंपनीने १९३९ साली 'युनिसॉ' बाजारात आणली. आधीच्या बऱ्याच यंत्रांत तिरका छेद घ्यायचा तर टेबलच कलवावे लागे, आणि मग जड फळी त्या उतारावर सांभाळत बसावे लागे. युनिसॉमध्ये टेबल आडवेच राहते आणि दहा इंची पाते आतून कलते. मोटर पेटीच्या पोटात, टेबल ओतीव लोखंडाचे, आणि सगळे मिळून वजन दोन माणसांना न पेलणारे. मला मिळालेले यंत्र १९४०च्या दशकातले आहे. एका शाळेने आपला सुतारकामाचा वर्ग बंद केला, तेव्हा ते भंगाराच्या भावात निघाले. त्या वर्गाच्या जागी आता संगणक आहेत. त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला नाही. माझे पोट संगणकावरच चालते.

टेबलावर गंजाचा जाड थर होता. त्यावर तेल सोडून धारदार पात्याने तो खरवडून काढला. लहान भागांसाठी दुसरी युक्ती केली. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तो भाग आणि लोखंडाचा एक निरुपयोगी पत्रा बुडवायचा, बॅटरी चार्जरचे ऋण टोक भागाला आणि धन टोक पत्र्याला जोडायचे, आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी गंज भुसभुशीत होऊन पुसून निघतो, खालच्या धातूला मात्र धक्का लागत नाही. रंगाचे तीन थर निघाले. अशा जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी, म्हणून ते कोरडे घासले नाहीत. आसाची बेअरिंगे बदलली. शेवटी टेबलावरची खाच आणि पाते एकमेकांना समांतर आहेत की नाही हे मोजत एक अख्खा रविवार घालवला.

ही सर्व कामे करताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत होता: यातले काय काढायचे आणि काय राखायचे? गंज म्हणजे भ्रष्ट पाठ, तो जावा, याबद्दल वाद नाही. पण टेबलाच्या कडेवर कुणा विद्यार्थ्याने कोरलेली दोन आद्याक्षरे? लाकूड पुढे सरकवणाऱ्या हातांनी गुळगुळीत झालेली कड? रस्किनने १८४९ साली जीर्णोद्धाराला विध्वंसाचाच एक प्रकार ठरवले, आणि त्याच भूमिकेतून विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. डागडुजी करा, पण नसलेले जुनेपण निर्माण करू नका, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. आद्याक्षरे मी ठेवली आहेत.

परंतु ही भूमिका एका ठिकाणी अपुरी पडते. जुन्या यंत्रांच्या शौकिनांत एक शुद्धतावादी पंथ आहे. 'मूळ' यंत्राला नवे काही जोडू नये, पात्यावर आच्छादन नको, पात्यामागे पाचर नको, उघडे पाते हेच अस्सल रूप, असे तो मानतो. माझ्या यंत्रावरही ही दोन्ही साधने नव्हती. साफ केलेल्या यंत्राचे छायाचित्र मी मोठ्या कौतुकाने बाबांना पाठवले. बाबा आयुष्यभर सुतारकाम करत आले. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरे एका लाकडाच्या वखारीत गेली. तेथे मजुरी नगावर होती आणि आच्छादनामुळे हात संथ चालतो म्हणून ते काढून ठेवलेले असे. फोनवर त्यांनी ना रंगाबद्दल विचारले, ना टेबलाबद्दल. "पाचर कुठं आहे रे हिची?" एवढेच म्हणाले.

पाचर हा शब्द त्यांनी सहज वापरला. ओंडक्यावर आरा ओढणारे लोक चिरेत पाचर ठोकतात, म्हणजे चीर मिटून आरा अडकत नाही. गोल करवतीत हीच गोष्ट जिवावर बेतते. पात्याचे पुढचे दाते लाकूड खाली दाबतात, मागचे दाते मात्र वर उसळत असतात. चीर मिटली किंवा फळी मागच्या दात्यांकडे वळली, की ती उचलली जाऊन थेट माणसाच्या अंगावर येते. दात्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक असतो. फळी उडताना तिला रेटणारा हात कुठे ओढला जाईल, हे सांगता येत नाही.

आता पाठचिकित्सेच्या नजरेने पाहा. निर्मात्याने या यंत्रासाठी आच्छादन आणि पाचर बनवली होती. घाईत असलेल्या वापरणाऱ्यांनी ती काढली आणि हरवली. म्हणजे शुद्धतावादी ज्याला मूळ पाठ म्हणतात, ती वस्तुतः गळती झालेली प्रत आहे. बहुसंख्य प्रतींत एखादी ओळ नाही, एवढ्यावरून ती मुळात नव्हतीच असे कोणताही जाणता संपादक म्हणणार नाही.

हा युक्तिवाद येथेच संपवला असता तर माझी बाजू भक्कम दिसली असती. पण मी बसवलेली पाचर जुनी नाही. जुनी मला मिळाली नाही. नवी, वेगळ्या घडणीची आहे, आणि तिच्यासाठी पात्याभोवतीची पट्टीही नवी करावी लागली. हा प्रक्षेप आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र प्रक्षेप आणि प्रक्षेप यांत फरक असतो. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तिचे ऋण मोठे आहे. पण त्यांनी काय बदलले याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही, त्यामुळे त्यापूर्वीच्या पाठाचा शोध अवघड झाला. उलट सुकथनकरांच्या संपादनाखाली भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती उभी केली, तिच्यात वगळलेला मजकूरही तळटीपांत आणि परिशिष्टांत राखला आहे. ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नाही, त्याला तो उलटवण्याची सोय तेथे आहे. माझ्या मते दुरुस्तीचा प्रामाणिकपणा 'काहीच न बदलण्यात' नसून या सोयीत आहे. म्हणून मी मूळ लोखंडात एकही नवे भोक पाडलेले नाही. जे जोडले ते चार स्क्रूंनी निघते. काय काढले, काय बसवले, कोणत्या तारखेला, याचा कागद पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.

एक आक्षेप उरतो, आणि तो साहित्यिक मंडळींकडूनच अधिक येतो. जोखीम गेली की कारागिरीतला जीव जातो, असे म्हणतात आणि डेव्हिड पाय या इंग्रज कारागीर-लेखकाचा हवाला देतात. त्याने १९६८च्या आपल्या ग्रंथात 'जोखमीची कारागिरी' आणि 'निश्चितीची कारागिरी' असा भेद केला, हे खरे. पण त्याच्या लेखी जोखीम आहे ती वस्तूच्या गुणवत्तेची: हात चुकला तर काम बिघडेल, ही. कारागिराचे बोट तुटेल, ही नव्हे. या दोहोंत गल्लत करून श्रमिकाच्या जखमेला सौंदर्यमूल्य बहाल करणे, हे ज्यांची बोटे शाबूत आहेत त्यांनाच परवडते. आपल्याकडील श्रमाविषयीच्या बऱ्याच लेखनात ही गल्लत डोकावते, आणि मीही विद्यार्थिदशेत बाबांच्या त्या हाताविषयी तशी एक कविता लिहिली होती. ती त्यांना कधी दाखवली नाही.

पाचर बसवल्यावर दुसरे छायाचित्र पाठवले. बाबांनी ते मोठे करून पाहिले असावे, कारण उत्तर यायला वेळ लागला. पाचर पात्यापासून जरा लांब आहे, अजून जवळ घे, असे त्यांनी कळवले. घेतली. त्या कागदावर त्या दिवसाची तारीख घालून ही दुरुस्तीही नोंदवली आहे, आणि ती कुणी सुचवली तेही.