पगार आणि हुरूप

ग्वाल्हेर म्हटले की मराठी माणसास शिंद्यांची राजधानी आठवते, ख्यालगायकीचे थोर घराणे आठवते. अलीकडे ह्या नगरीची आणखी एक ओळख झाली आहे. भारत सरकारने १९९७ साली येथे माहिती-तंत्रज्ञान व व्यवस्थापन हे दोन्ही विषय शिकविणारी संस्था स्थापन केली. ग्वाल्हेरातच जन्मलेले माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ह्यांचे नाव तिला दिलेले आहे. यंत्र चालविणे आणि माणसे सांभाळणे ह्या दोहोंचे शिक्षण एकाच ठिकाणी मिळावे, ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे. संगणकास कंटाळा येत नाही की हुरूपही येत नाही. त्याच्यापुढे बसलेल्या माणसास मात्र दोन्ही येतात.

प्रिय वाचकहो, आपल्या खेड्यापाड्यांतील कित्येक मुलेमुली आज ह्याच धंद्यात आहेत. मुलगा सुट्टीवर घरी आला की आपण त्यास विचारतो, “पगार किती? बढती केव्हा?” प्रश्न गैर नाहीत. परंतु “तुझे काम कसले? ते कोणाच्या उपयोगी पडते?” असे विचारणारे आईबाप किती?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग ह्यांनी सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस ह्यांस त्यांच्या नोकरीतील समाधानाचे व असमाधानाचे प्रसंग विचारले. त्याचा वृत्तान्त १९५९ साली प्रसिद्ध झाला. अपुरा पगार, जाचक नियम, वरिष्ठांचा त्रास ह्यांनी माणूस नाराज होतो. पण ही गाऱ्हाणी दूर झाली म्हणजे तो उत्साहाने काम करू लागतोच, असे नाही. उत्साह येतो तो काम तडीस नेल्याने, त्याची कदर झाल्याने व जबाबदारी मिळाल्याने. हर्झबर्गच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, तरी हा अनुभव आपल्याही परिचयाचा आहे. पुढे डॅनियल कूगर व रॉबर्ट झवाकी ह्यांनी खास संगणकावर काम करणाऱ्यांचा अभ्यास करून १९८० साली ग्रंथ लिहिला. ह्या लोकांस नवे शिकण्याची भूक इतरांहून अधिक व लोकांत मिसळण्याची ओढ कमी, असे त्यांस आढळले. अशा अबोल माणसांपैकीच कोणी पुढे अधिकारी होतो. मग हाताखालच्या माणसास त्याचे काम चांगले झाले की वाईट, हे सांगावयाचेच राहून जाते.

ह्याचे मोल आपल्यासही द्यावे लागते. २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देशातील पहिली आधारपत्रे वाटली गेली. तेव्हापासून गावकऱ्याचे धान्य, निवृत्तिवेतन, बँकेचे खाते ही सारी संगणकाशी जोडली गेली आहेत. नावातील एक अक्षर चुकले, तर एखादी वृद्धा शिधावाटप दुकानातून रिकाम्या पिशवीने परतते. दूर शहरात आज्ञावली लिहिणाऱ्यास तो चेहरा दिसत नाही. त्यास कामाचा एक तुकडा नेमून दिलेला असतो. पूर्ण काम कशासाठी आहे, हे त्यास कोणी समजावून सांगेल, तर त्याची नजर व हात दोन्ही अधिक दक्ष होतील.

मत्तयच्या शुभवर्तमानातील धन्याने प्रवासास जाताना दासांच्या हाती आपला पैसा सोपविला, तोही ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. दोघांनी तो दुप्पट केला. तिसऱ्याने धनी कठोर आहे ह्या भयाने तो जमिनीत पुरला. चोरी त्याने केली नाही, उधळपट्टीही केली नाही. पण भयाने त्याची बुद्धी गोठून गेली. केवळ धाकावर चालणाऱ्या कचेरीत असे किती गुण पुरले जात असतील!

ह्यावरून कोणा मालकाने मात्र असे समजू नये की, शाबासकी दिली म्हणजे पगार कमी दिला तरी चालेल. परमगुरू तेरावे लिओ ह्यांनी १८९१ सालीच न्याय्य वेतनाचा हक्क ठासून सांगितला. १९८१ साली परमगुरू दुसरे जॉन पॉल ह्यांनी शिकविले की, काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. म्हणून रात्रपाळी करून आलेल्या मुलास झोप व रविवारच्या मिस्सेस सवड मिळालीच पाहिजे.

तरुणांनो, वरिष्ठ पाहोत वा न पाहोत, तुमचे काम चोख असू द्या. नाझरेथच्या सुताराने केलेल्या कामांची यादी कोणी ठेवली नाही. पण ती ज्यांच्या घरी गेली, त्यांच्या उपयोगी पडली. अधिकाऱ्यांनो, चूक दाखविता तसे चांगले कामही दाखवा. आणि आईबापांनो, ह्या खेपेस मुले घरी येतील तेव्हा जपमाळेनंतर त्यांस जवळ बसवून त्यांच्या कामाविषयी विचारा. सारे समजले नाही तरी मन लावून ऐका. कामकरी संत योसेफ त्यांच्या हातांस व बुद्धीस बळ देवो.