अब्बांना ऐकू येत नाही आणि विसरही पडतोय: संशोधन काय सांगतं?

मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात, आपल्या घरांत ‘सठिया गए’. अर्थ एकच. वय झालं, चालायचंच. नांदेड-लातूरकडे अशा कित्येक दाद्या सापडतील, ज्या 1993 च्या किल्लारी भूकंपाची पहाट बारकाव्यासकट सांगतात, पण दुपारी जेवण झालं का ते त्यांना आठवत नाही. सून म्हणते, आत्ताच तर वाढलं. दादी शेजारणीला सांगते, मला उपाशी ठेवतात. बदनामी सुनेची होते. मग कुणी नजर उतरवतं, कुणी तावीज आणतं, आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत वर्षं निघून गेलेली असतात.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने अंदाज दिला की साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यात जास्त. या तीन गोष्टी एकत्र ठेवून बघा. तालुक्याच्या गावातली, शाळेचं तोंड न पाहिलेली आपली दादीच समोर उभी राहते. हा आजार मुंबई-पुण्याच्या बंगल्यांतला आहे हा गैरसमज आता तरी सोडायला हवा.

डिमेन्शिया म्हणजे स्मृती आणि समज ढासळण्याची अवस्था. तिचं सर्वांत मोठं कारण अल्झायमर. 1906 मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी एका मृत महिलेचा मेंदू तपासून त्यातले बदल मांडले. आज आपल्याला माहीत आहे की मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ नावाची प्रथिनं साचत जातात, आणि ही प्रक्रिया लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू झालेली असते. अमायलॉइड हटवणारी नवी औषधं आली आहेत. त्यातल्या लेकानेमॅबने दीड वर्षाच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग सुमारे 27 टक्के कमी केला. पण आजार थांबला नाही, काहींच्या मेंदूला सूज आली, रक्तस्रावही झाला. शिवाय औषध सलाईनमधून वारंवार द्यायचं, मधून मधून एमआरआय करायचा. आपल्याकडच्या सामान्य कुटुंबाने सध्या या बातम्यांवर आस लावून बसू नये, असं मला वाटतं.

खरी कामाची बातमी दुसरी आहे आणि तिची चर्चा कमी झाली. 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ आयोगाने बदलता येण्यासारखी 14 कारणं मांडली आणि ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टळू शकतील किंवा लांबू शकतील, असं म्हटलं. हा हिशोब सगळ्या समाजाचा आहे, एकेका माणसाची ती हमी नाही. यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, वाईट कोलेस्टेरॉल, बिडी-सिगारेट, एकटेपणा, उपचार न झालेली अंधुक नजर, आणि लहानपणी कमी मिळालेलं शिक्षण. म्हणजे आठवीनंतर घरी बसवलेल्या मुलीचं नुकसान फक्त नोकरीपुरतं राहत नाही. आणि पन्नाशीतल्या ज्या चाचा-मामूंची शुगर ‘थोडीशीच’ वाढलेली असते आणि जे दावतीत गोळी विसरतात, त्यांच्यासाठीच ही यादी आहे. सत्तरीत जागं होऊन त्यातलं बरंचसं हातातून गेलेलं असतं.

यादीत सर्वांत वर असलेल्या कारणांपैकी एक मात्र आपण आजारच मानत नाही: बहिरेपण. अब्बांना अज़ान नीट ऐकू येत नाही. मशिदीत कुणी काय म्हणालं ते कळत नाही म्हणून ओट्यावर बसणं बंद होतं. मग फक्त जुम्याला जाणं, मग तेही नाही. घरात सगळे ओरडून बोलतात म्हणून ते गप्प होतात. कान गेला, पाठोपाठ माणसं गेली. 2023 च्या एका अमेरिकी चाचणीत श्रवणयंत्राचा सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही, पण ज्यांना धोका अधिक होता त्यांच्यात तीन वर्षांत ऱ्हासाचा वेग 48 टक्क्यांनी कमी आढळला. चष्मा आणि श्रवणयंत्रासाठी महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: वय 65 च्या वर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदाच 3000 रुपये खात्यात. रक्कम तुटपुंजी आहे, तरी सुरुवात होते.

आता एक गोष्ट अगदी आपल्या अंगणातली. हैदराबादच्या ‘निम्स’ रुग्णालयातल्या 648 डिमेन्शिया रुग्णांचा डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या गटाने केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला. निरक्षरांमध्येही हा फरक दिसला. तेलुगू, उर्दू, दखनी बोलणाऱ्यांचं ते शहर. 1956 पर्यंत नांदेड आणि त्या वेळी उस्मानाबादेत असलेलं लातूर त्याच हैदराबाद राज्यात होतं. घरात दखनी, मदरशात उर्दू, बाजारात मराठी, हे आपलं रोजचंच. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हा फायदा तसाच दिसलेला नाही, तरी मुलांची एक भाषा सोडवून दुसरी लादणाऱ्या पालकांनी यावर विचार करावा.

विसरणारा प्रत्येक जण अल्झायमरचा नसतो. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही विसर पडतो आणि त्यावर इलाज आहे. म्हणून तपासणी टाळू नका. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख संस्था. फोनवर विचारायचं असेल तर टेली-मानसचा 14416. तपासणी करून घेणं म्हणजे तवक्कुल सोडणं नव्हे. सगळं जाणल्यानंतर काहीच न जाणण्याच्या उतारवयाचा उल्लेख सूरह नहल आणि सूरह हज्ज दोन्हींत आहे. तेव्हा दादी रकात चुकली तर तिच्यावर रागावू नका. नमाज-रोज्याच्या सवलतीबद्दल जाणत्या आलिमांना विचारा.

आणि दवाखान्यात जाताना पुण्याहून किंवा सौदीहून आठवड्यासाठी आलेल्या मुलाने एकट्याने नेऊ नये. सालनात दुसऱ्यांदा मीठ पडायला कधी सुरुवात झाली, घराचा रस्ता पहिल्यांदा कधी चुकला, हे डॉक्टर विचारतील. ते फक्त सुनेला माहीत असतं. तिला सोबत घ्या.