पहिलीच्या आधीची भाषा : वाद शाळेचा, दुर्लक्ष घराकडे

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणली. त्यावरून रान उठले आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. लहान मुलांवर किती भाषांचे ओझे टाकायचे, हा प्रश्न योग्यच होता. पण आम्हाला एक गोष्ट खटकते. मूल पहिलीत पोहोचते तोवर त्याच्या बोलण्याचा पाया घरातच घातला गेलेला असतो. त्या पहिल्या तीन-चार वर्षांबद्दल कुणी बोलत नाही.

आपल्या घरांत भाषांची कमी कधीच नव्हती. दादी दखनीत हाक मारते, कोकणातली नानी कोकणीत, गल्लीत मराठी चालते. मूल दोन वर्षांचे होऊनही बोलेना, की दोष या सरमिसळीला दिला जातो. "घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्लिश," असा सल्लाही मिळतो. तो चुकीचा आहे. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने वाचा अडत नाही. मूल सुरुवातीला शब्द मिसळते, एवढेच. उलट अम्मीला जी भाषा धड येत नाही ती तिच्यावर लादली, तर तिचे बाळाशी बोलणेच आटते.

खरी काळजी दोन गोष्टींची आहे. पहिली, मोबाईल. तो बडबडतो, पण बाळाच्या 'बा-बा'ला उत्तर देत नाही, आणि भाषा तर याच सवाल-जवाबातून येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे : दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, नंतरही दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको.

दुसरी, कान. "याचे अब्बाही उशिराच बोलले होते," म्हणत आपण वाट पाहतो आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाची मोलाची वर्षे निघून जातात. वर्षाचे मूल आवाजाकडे वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नसेल, दोन वर्षांत 'पानी दे' असे दोन शब्द जोडत नसेल किंवा येणारे शब्द बंद झाले असतील, तर थांबू नका. आधी कानाची तपासणी करून घ्या.

सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतात आणि गरज पडल्यास पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पण ज्या मुलाचे नाव अंगणवाडीत नाही, ते पथकाच्या नजरेतून सहज सुटते. म्हणून मोहल्ल्यातल्या प्रत्येक मुलाची नोंद झाली आहे का, हे आपणच पाहायला हवे.

शाळेत कोणती भाषा असावी, यावर सरकारशी जरूर भांडू. पण आज रात्री जेवताना मोबाईल बाजूला ठेवून लेकराशी दोन गोष्टी बोलायला कुठल्याही शासन निर्णयाची गरज नाही.