चेनवाल्या नऊवारीत ओचा कुठाय?

ऑफिसच्या ट्रॅडिशनल डेला चेनवाली रेडिमेड नऊवारी चढवून पाच मिनिटांत तयार होणाऱ्या समस्त मैत्रिणींनो, हा कॉलम खास तुमच्यासाठी. (मीही तुमच्यातलीच, सो नो टेन्शन!)

तर झालं असं, की शिंदखेड्याहून, म्हणजे माझ्या आजोळहून, वहिनीचा फोन. आठ वर्षांची भाची शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये 'श्यामची आई' होणार. ''ताई, तुम्ही पेपरात लिहिता ना, मग ड्रेसचं तुम्हीच बघा!'' मास कॉमच्या डिग्रीचा असाही उपयोग असतो, मंडळी.

रिसर्च म्हणजे आधी सिनेमे. आचार्य अत्र्यांचा १९५३चा 'श्यामची आई', राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक पटकावणारा. त्यात वनमाला आई झाल्या होत्या. मग सुजय डहाकेचा २०२३चा. गंमत म्हणजे दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट! लुगड्याचा रंग शोधायला गेले आणि हात हलवत परत आले.

मग पुस्तकच उघडलं. साने गुरुजींनी त्याचा बहुतेक भाग फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिला. गोष्ट कोकणातली, पण गुरुजी खान्देशालाही आपलेच. शिंदखेड्याच्याच रेल्वेलाइनवरच्या अमळनेरला ते शिक्षक होते. पुस्तकात कपडे मिरवत नाहीत, राबतात. भाऊबीजेच्या पैशांतून आई नवऱ्यासाठी धोतर घेते. श्याम पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवतो. आणि तो फेमस अंघोळीचा सीन! ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हटून बसतो आणि आई लुगड्याचे ओचे दगडावर पसरते.

बस्स, डिझाइन तिथेच ठरलं. या लुगड्याचा ओचा पसरता आला पाहिजे. चेनवाल्या नऊवारीत निऱ्या शिवूनच टाकलेल्या, त्या पसरणार कशा?

मी पोचेपर्यंत वहिनीनं भाड्याचा ड्रेस आणलाही होता. जरीकाठ, ठुशी, नथ आणि गरिबी दाखवायला चमकीचं ठिगळ. आजीनं चष्मा पुसला आणि विचारलं, ''हाई श्यामनी माय शे का नवरी शे?''

मग तिनंच पेटी उघडली. गोधडीसाठी ठेवलेलं सुती लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, एवढीशी पोर त्यात हरवलीच असती. कापायला माझा हात धजेना. आजी म्हणाली, ''फाड बिनधास्त. गोधडीला तुकडेच लागतात.'' मग निम्मं घेतलं, उंचीला वरून दुमडलं, कमरेला नाडा बांधला, मागे काष्टा आणि पुढे मोकळा ओचा. ठिगळ त्याच कापडाचं, कापड खरंच झिजलं होतं तिथेच, साध्या धावदोऱ्यानं. काळी पोत, काचेच्या बांगड्या, कुंकू. फिनिश.

पण खरी क्लायंट नाराज. ''आत्या, सगळ्या चमकतील आणि मी एकटीच जुनी!'' डोळ्यांत पाणी. बरोबरच होतं तिचं. कर्जात बुडालेल्या घरातली बाई व्हायला आठव्या वर्षी कोणाला आवडेल? मी तिला काही पटवलं नाही. तिच्या धाकट्या भावाचे पाय नळाखाली धरले आणि म्हटलं, ''याला आता घरात ने, पाय न मळता.'' तिनं एक क्षण विचार केला आणि ओचा सोडून फरशीवर पसरला. पठ्ठ्या त्यावर ऐटीत उभा! मग तिला तो खेळ इतका आवडला, की संध्याकाळपर्यंत भावाला चार वेळा अंघोळ.

स्पर्धेत नंबर आला नाही, तो एका झगमगत्या परीला गेला. पण भाचीनं स्टेजवर ओचा पसरला तेव्हा मागच्या रांगेतल्या आज्या पदर डोळ्यांना लावत होत्या.

तेव्हा पालकहो, मावश्यांनो, आत्यांनो, पुढच्या फॅन्सी ड्रेसला दुकानात पळण्याआधी एकच प्रश्न विचारा. तो कपडा गोष्टीत करतो काय? उत्तर सापडलं की निम्मा ड्रेस तयार. उरलेला आजीच्या पेटीत असतोच.