पळतीचा वेळ वाढवायचाय? मग फेऱ्या कमी करा

तुमची मुलगी खो-खो खेळते. शाळेच्या संघात आहे, चपळही आहे, पण पळती दीड मिनिटाच्या पुढे जात नाही. कोणीतरी सांगतं, "स्टॅमिना कमी पडतोय." मग तुम्ही तिला पहाटे पाचला उठवता आणि मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावता. महिन्याभराने पळतीचा वेळ तेवढाच असतो आणि वर गुडघा दुखायला लागलेला असतो. मग तुम्ही दोघं माझ्यासमोर बसलेले असता. तुमच्या हातात एक एक्स-रे असतो, जो बऱ्याच वेळा काढायची गरजच नसते.

धाराशिव जिल्ह्यात हे दृश्य नवीन नाही, कारण खो-खो आपल्याकडे नुसता शाळेच्या पटांगणावरचा खेळ राहिलेला नाही. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे आपल्याच जिल्ह्यातली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, तोही भारताच्या मुलांनी आणि मुलींनी जिंकला. साहजिकच गावोगावी आईवडिलांना वाटतं, आपलीही मुलगी तिथवर जाईल. वाटायलाच हवं. पण त्यासाठी तिला आणखी पळवायला हवं, हे माझ्या मते चुकीचं आहे. तिला कमी पळून जास्त वेळ टिकायला शिकवायला हवं.

का, ते सांगतो. पळती म्हणजे लांब पल्ल्याची धाव नव्हे. चार-पाच सेकंदांचा झपाटा, एकदम थांबणं, वळणं, पुन्हा झपाटा. अशा झपाट्यासाठी स्नायू स्वतःजवळ साठवलेली तयार ऊर्जा वापरतात आणि ती पूर्ण जोरात पळताना साधारण दहा सेकंदांत संपत येते. नंतर अर्ध्या मिनिटात ती निम्मी भरते, पूर्ण भरायला काही मिनिटं लागतात. म्हणजे जी मुलगी मैदानात उतरल्यापासून जीव तोडून पळते, तिची टाकी पहिल्या मिनिटातच रिकामी होते. पुढे पाय जड होतात, वळण उशिरा घेतलं जातं आणि हात पाठीला लागतो. तिच्या फुप्फुसांत काही कमी नसतं. तिने खर्च चुकीच्या जागी केलेला असतो.

आता खेळाचे नियम डॉक्टरच्या नजरेने बघा. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत तिला मागे वळता येत नाही. मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणारीला मात्र कुठेही वळता येतं, बसलेल्या गड्यांच्या मधून पलीकडेही जाता येतं. शिवाय बसलेले आठ जण एकाआड एक उलट तोंडाने बसतात. तुम्ही ज्या बाजूला आहात त्या बाजूला तोंड करून बसलेले चारच जण तुमच्यावर उठू शकतात. उरलेल्या चौघांची पाठ तुमच्याकडे असते. ही साधी गोष्ट आठवी-नववीतल्या मुलींना विचारून बघा. चार-चार वर्षं खेळणाऱ्या मुलीसुद्धा दचकतात, कारण त्यांना हे कोणी शब्दांत सांगितलेलंच नसतं.

यातून जे निघतं ते स्पष्ट आहे. मागची मुलगी हातभर लांब असेल तर पूर्ण जोरात पळायची गरज नाही, तेवढंच अंतर राखून पळायचं. झपाटा फक्त खो मिळतो त्या क्षणासाठी राखून ठेवायचा. खांबापलीकडच्या मोकळ्या जागेत पाठलाग करणारीलाही दिशेचं बंधन राहत नाही, म्हणून तिथे रेंगाळायचं नाही. आणि तिघींची तुकडी आत असताना मागे लागलेली असते एकीच्याच. बाकीच्या दोघींनी त्या वेळी चालायचं, नाकाने खोल श्वास घ्यायचा, हात कमरेवर ठेवून उभं राहिलं तरी चालेल. ती पंधरा सेकंदं म्हणजे टाकी भरायची वेळ. आमच्या मुली घाबरून ती उड्या मारण्यात घालवतात.

गोल्फ हा खेळ आपल्याकडे कोणी खेळत नाही, मीही नाही. पण त्यातली एक गोष्ट मला फार पटते. तिथे कमी फटक्यांत खेळ संपवणारा जिंकतो, आणि हौशी खेळाडूचे फटके वाढतात ते ताकद कमी पडते म्हणून नव्हे, तर तळ्यावरून थेट झेंड्याकडे मारायचा मोह होतो म्हणून. जाणकार खेळाडू हिरवळीच्या मध्यावर, चूक झाली तरी चालेल अशा जागी चेंडू टाकतो. सरावातही तसंच. हौशी माणूस तासभर लांब फटके मारत बसतो, आणि निकाल ठरतो खड्ड्याजवळच्या छोट्या फटक्यांवर. आपल्या दहा फेऱ्या म्हणजे तेच लांब फटके. दिसायला दणदणीत, पण सामन्यात ज्याने गडी बाद होतो त्याच्याशी त्यांचा संबंध फार थोडा.

फेऱ्या अगदी निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. हंगामाच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत, आठवड्यातून दोनदा, बोलता येईल इतक्या हलक्या गतीने वीस-पंचवीस मिनिटं पळणं चांगलं. त्याने दोन झपाट्यांच्या मध्ये दम लवकर परत येतो. बाकी दिवसांत सराव लहान आणि नेमका हवा. वीस सेकंद खरी पळती, मग निदान एक मिनिट चालणं, असं सहा ते आठ वेळा. चपळता घसरली की थांबायचं, कारण दमलेल्या पायांनी केलेलं वळण चुकीचंच पाठ होतं. आणि एक वही ठेवा. प्रत्येक सामन्यात ती कशी बाद झाली, एवढंच लिहायचं. खांबाजवळ, खो नंतर लगेच, घसरून, की उभी राहिल्यावर. दहा सामन्यांनंतर ती वही तुम्हाला जे सांगेल ते कुठलीही तपासणी सांगणार नाही.

आता गुडघ्याकडे येऊ, कारण माझा खरा राग तिथे आहे.

दहा ते पंधरा वयात हाडं वाढत असतात आणि मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाला जिथे ओढतो ती जागा अजून मऊ असते. रोज जास्त ओढ बसली की तिथे दुखतं, एक उंचवटा येतो, दाबलं की मुलगी ओरडते. याला इंजेक्शन लागत नाही, तेल लावून जोरात चोळणं तर अजिबात नको. भार कमी करणं, खेळानंतर बर्फ, मांडीचे व्यायाम आणि धीर, एवढंच लागतं. बऱ्याच मुलींना खेळ पूर्ण बंदही करावा लागत नाही, फेऱ्या आणि उड्या कमी केल्या तरी भागतं. सामन्याआधी दुखण्याची गोळी देऊन मैदानात पाठवू नका. दुखणं हा त्या वयातला एकमेव पंच आहे जो तिच्या बाजूने शिट्टी वाजवतो.

दुसरी भीती मोठी आहे. वेगात थांबताना किंवा वळताना गुडघा आत वळला की आतला दोर तुटू शकतो. बहुतेक वेळा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. वयात आलेल्या मुलींमध्ये हे मुलांपेक्षा जास्त घडतं. म्हणून थांबायचं कसं हे शिकवावं लागतं. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, कंबर थोडी खाली, एका मोठ्या पावलाऐवजी तीन-चार छोटी पावलं. फुटबॉलसाठी फिफाने पंधरा-वीस मिनिटांचा तयारीचा व्यायाम तयार केला, त्यात एका पायावर तोल, उठाबशा, हळू उतरायच्या उड्या असतात. नियमित करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. त्याला साधन लागत नाही, पैसा लागत नाही. आपल्या मैदानावर मात्र दोनदा हात फिरवले, 'छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हटलं की खेळ सुरू. जयजयकार हवाच, पण त्याआधी पंधरा मिनिटं द्या.

आणि पोट. सारिका काळेने मुलाखतीत सांगितलं आहे की घरच्या परिस्थितीमुळे कित्येक वर्षं तिला दिवसाला एकच जेवण मिळत होतं. तरीही ती तिथवर पोहोचली, हा तिचा मोठेपणा. पण पालक जेव्हा ही गोष्ट "बघ, ती उपाशी राहूनही खेळली" अशी सांगतात, तेव्हा मला ती उलटी सांगितल्यासारखी वाटते. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवलं आहे. रक्त कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी, म्हणजे टाकी भरायला उशीर. तुम्ही ज्याला स्टॅमिना म्हणता तो कधी कधी हिमोग्लोबिनच्या आकड्यात सापडतो. बारा वर्षांवरच्या मुलीचं ते बाराच्या खाली असेल तर आधी ते दुरुस्त करा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी फेकू देऊ नका. ज्वारीची भाकरी, डाळ, हरभरा, पालेभाजी, वर लिंबू, जमेल त्याने अंडी. चहा जेवणानंतर तासाभराने. सरावाआधी काहीतरी खाल्लेलं हवं, मूठभर शेंगदाणे आणि गूळ असला तरी चालेल. कुंथलगिरीचा पेढा जिंकल्यावर. खेळायला लागल्यापासून पाळी तीन महिने थांबली असेल तर ती "खेळामुळे होतंच" म्हणून सोडू नका, बहुतेकदा तिचं खाणं तिच्या मेहनतीला पुरत नसतं.

आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. उन्हाळी शिबिरात सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी मैदान नको, आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो.

थांबून न राहता दाखवायला यायचं ते अशा वेळी: वळताना कट् असा आवाज आला आणि काही तासांत गुडघा सुजला, पाय मध्येच दगा देतो, गुडघा अडकतो, रात्री झोपेतून उठवणारं एकाच जागचं दुखणं आहे, ताप आहे, किंवा मुलगी लंगडते. लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा तपासून काही सापडलं नाही तर खुबा तपासायला सांगा, कारण खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. येताना ती वही घेऊन या. एक्स-रे लागला तर मी सांगेन.